दाभोळचे दप्तर

दाभोळ वीज प्रकल्प दाभोळला नाही. दाभोळ गाव वाशिष्ठी खाडीच्या उत्तर काठावर, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या जमिनीवर उभा राहिला. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसले की हे कुणालाही कळते. कागदावर मात्र पहिल्यापासून 'दाभोळ'च लिहिले गेले. गुहागरकडचा माणूस हे नावही घेत नाही. त्याच्या तोंडी आजही 'एन्रॉन' आहे किंवा नुसते 'कंपनी'. मूळ कंपनी बुडून दोन दशके उलटली तरी त्यात फरक पडलेला नाही.

या प्रकल्पाची गोष्ट लोकांनी बहुतेक वेळा नेत्यांच्या भाषणांतून ऐकली. मला ती कागदांच्या क्रमाने मांडायची आहे. सामंजस्य करार, जागतिक बँकेचे पत्र, वीजखरेदी करार, विधानसभेतील निवेदन, उच्च न्यायालयातला दावा, त्या दाव्याच्या उलटे प्रतिज्ञापत्र, वीजबिले आणि चौकशी समितीचा अहवाल असे हे कागद आहेत. तारखांप्रमाणे ते लावले की एक गोष्ट ठळक होते. हा प्रकल्प का चालणार नाही, हे पायाचा दगड बसण्याआधीच नीट लिहून ठेवलेले होते. माहिती नव्हती म्हणून चूक झाली, असे म्हणायला हे दप्तर जागा ठेवत नाही.

पहिला कागद २० जून १९९२ चा. आदल्या वर्षी वीजविषयक कायद्यांत दुरुस्ती होऊन खासगी आणि परदेशी कंपन्यांना वीजनिर्मितीची दारे उघडली होती, आणि भारत सरकारच्या अधिकाऱ्यांचे मंडळ अमेरिकेत जाऊन गुंतवणुकीचे आवतण देऊन आले होते. परकीय चलनाच्या टंचाईचे ते दिवस होते. मोठी रक्कम घेऊन येणाऱ्या कंपनीला नाही म्हणण्याची हिंमत तेव्हा फारशा कुणात नव्हती, हे त्या काळाला न्याय देताना सांगायला हवे. एन्रॉन आणि जनरल इलेक्ट्रिक यांचे प्रतिनिधी १५ जूनला दिल्लीत उतरले. २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने एन्रॉनबरोबर सामंजस्य करारावर सही केली. दोन हजार मेगावॅटच्या पुढचा प्रकल्प, आखातातून जहाजाने आणायचा द्रवरूप वायू, वीस वर्षांची बांधिलकी आणि डॉलरशी जोडलेला दर, या सगळ्याचा आराखडा पाच-सहा दिवसांत ठरला. निविदा काढली नव्हती. दुसऱ्या कुणाचा दर मागवलेला नव्हता. सुधाकरराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते.

इंधनाचा मुद्दा इथेच समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी भांडणे त्यातून निघाली. वायूवर वीज करणे महाराष्ट्राला नवे नव्हते. उरणला विद्युत मंडळाचे वायू-टर्बाइन केंद्र ऐंशीच्या दशकापासून चालू होते, आणि त्याला मुंबई हायचा वायू समुद्रतळाच्या नळातून मिळत होता. दाभोळची कल्पना वेगळी होती. परदेशात वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायचा म्हणजे त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट घटते. मग खास बांधलेल्या जहाजाने तो आणायचा, किनाऱ्यावरच्या टाक्यांत साठवायचा, पुन्हा वायुरूप करायचा आणि टर्बाइनमध्ये जाळायचा. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र भांडवल लागते, आणि ते भांडवल वसूल होण्यासाठी वायू वर्षभर ठरल्या प्रमाणात जळत राहावा लागतो. म्हणून असे केंद्र रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालले तरच परवडते.

आता महाराष्ट्राच्या विजेचा दिवस पाहा. संध्याकाळी मागणी चढते, मध्यरात्रीनंतर घसरते. तुटवडा होता तो चढत्या तासांचा. चंद्रपूर, कोराडी, नाशिक, परळी इथल्या कोळशावरच्या केंद्रांची वीज रात्री पुरून उरत होती. दाभोळ रात्रीही चालवायचे तर त्या वेळी स्वस्त कोळशाचे संच मंदावून महाग वीज घ्यावी लागणार, हा हिशेब साध्या पाटीवर मांडण्यासारखा होता.

तो मांडलाही गेला. ३० एप्रिल १९९३ रोजी जागतिक बँकेच्या भारत विभागाचे प्रमुख हाइन्झ व्हर्गिन यांनी भारत सरकारच्या अर्थ मंत्रालयाला पत्र लिहिले. बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यावे, अशी विचारणा झाली होती. उत्तराचा आशय असा होता : प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही; महाराष्ट्राच्या वीजव्यवस्थेत अखंड चालवण्यासाठी तो फार मोठा आहे; त्याची वीज घ्यायला स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवावी लागेल; आणि विद्युत मंडळाच्या आर्थिक प्रकृतीवर त्याचा वाईट परिणाम होईल. खासगीकरणाचा आग्रह धरणाऱ्या संस्थेने हे लिहिले होते. परदेशी भांडवलाला विरोध करणाऱ्या कुणा आंदोलकाचे ते मत नव्हते. आठ वर्षांनी जे घडले त्याचे जवळजवळ संपूर्ण वर्णन त्या पत्रात आहे.

याच्या पुढचा कागद वाचताना मी दरवेळी थांबतो. २८ जून १९९३ रोजी एन्रॉनचे जोसेफ सटन यांनी विद्युत मंडळाचे अध्यक्ष अजित निंबाळकर यांना पत्र पाठवले. जागतिक बँकेचे मत बदलता येईल असे त्यांना वाटत होते, आणि पुढच्या फेरीत जनसंपर्क संस्था नेमून प्रसारमाध्यमे सांभाळता येतील, असेही त्यांनी लिहिले. बँकेने गणित घातले होते. उत्तरात गणित यायला हवे होते. आली ती प्रसिद्धीची योजना. आणि हे पत्र एका विक्रेत्याने खरेदीदाराला लिहिलेले होते. विद्युत मंडळ खरेदीदार होते. बँकेचा आक्षेप मंडळाच्याच तिजोरीच्या रक्षणासाठी होता. तो आक्षेप कसा पुसायचा, याबद्दल विक्रेता खरेदीदाराशी इतक्या मोकळेपणाने बोलतो, यावरून दोघांमधले अंतर किती कमी झाले होते ते दिसते. जागतिक बँकेने शेवटपर्यंत कर्ज दिले नाही.

त्यानंतर कागद भराभर पुढे सरकले. २६ नोव्हेंबर १९९३ ला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची मान्यता आली. वीज कोणत्या दराने पडेल, ही प्राधिकरणाने तपासायची मुख्य बाब. पण दराचा विचार अर्थ मंत्रालयाने केलेला आहे असे धरून ती बाजूला राहिली. पुढे या मान्यतेवर प्रत्येक चौकशीत बोट ठेवले गेले. ८ डिसेंबर १९९३ ला वीजखरेदी करार झाला. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा, द्रव इंधनावर. दुसरा १,३२० मेगावॅटचा, आयात वायूवर. दर युनिटला २ रुपये ४० पैसे असा सांगितला गेला. फेब्रुवारी १९९४ मध्ये राज्य सरकारची हमी आणि १५ सप्टेंबर १९९४ ला केंद्राची प्रतिहमी मिळाली. म्हणजे मंडळाने बिल चुकवले तर राज्य भरेल, राज्याने चुकवले तर देश भरेल.

वीजखरेदी करार बराच काळ जनतेला पाहायला मिळाला नाही. बाहेर आल्यावर तो ओळ न् ओळ वाचला तो पुण्यातल्या 'प्रयास' या छोट्या संस्थेने. गिरीश संत, शंतनु दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये त्याचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात विजेच्या कराराकडे सामान्य ग्राहकाच्या बाजूने, पण आकडेमोड करून पाहण्याची परंपरा त्या कामाने घट्ट झाली. गिरीश संत २०१२ मध्ये अकाली गेले. या विषयावर लिहिताना त्यांचे नाव न घेणे मला शक्य नाही.

कराराचे मर्म एका कलमाभोवती फिरते. दराचे दोन भाग होते. एक क्षमतेचा आकार, म्हणजे केंद्र तयार आहे म्हणून द्यायचे पैसे. दुसरा इंधनाचा आकार, म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या विजेचे पैसे. केंद्र ९० टक्के उपलब्ध असेल तर मंडळाने वीज घेतली काय आणि न घेतली काय, पहिला भाग द्यायचाच. शिवाय त्याचा मोठा हिस्सा डॉलरमध्ये. रुपया घसरला तर तो भार मंडळाचा, इंधन महागले तर तोही मंडळाचा, आणि मागणी घटली तरी मंडळाचाच. जिथे म्हणून धोका होता, तिथून तो उचलून मंडळाच्या पदरात टाकलेला दिसतो. करार वाचलेल्या माणसाला २ रुपये ४० पैसे या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, कारण तो अनेक 'जर'वर उभा होता.

जानेवारी १९९५ चा एक परदेशी कागदही या दप्तरात ठेवायला हवा. एन्रॉनच्या उपाध्यक्ष लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले की प्रकल्प आकाराला आणण्यासाठी आणि संबंधितांना त्याचे शिक्षण देण्यासाठी कंपनीने स्वतःचे सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. हे 'शिक्षण' कुणाचे झाले, हा प्रश्न महाराष्ट्रभर विचारला गेला. विरोधकांनी त्याचा अर्थ लाच असा लावला. कंपनीने तो नाकारला. कोणत्याही न्यायालयात लाच सिद्ध झालेली नाही, आणि इतिहास लिहिणाऱ्याने यापलीकडे जाऊ नये.

मार्च १९९५ मध्ये एकीकडे कर्जाची व्यवस्था पूर्ण होऊन बांधकामाला सुरुवात झाली आणि दुसरीकडे शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही प्रचारातली घोषणा होती. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. निविदा नाहीत, व्यवहार गुप्त, भांडवली खर्च फुगवलेला, डॉलरशी बांधलेला दर अन्यायकारक, असे तिचे निष्कर्ष होते. जूनमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने करार मोडला तर भारतातल्या इतर खासगी प्रकल्पांनाही धोका पोचेल, असे जाहीरपणे बजावले होते. तरीही ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत निवेदन केले : पहिला टप्पा रद्द, दुसरा टप्पा सोडून दिला. कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली. राज्याने सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. हा करार फसवणूक आणि चुकीची माहिती यांच्या आधारे झाला, म्हणून तो मुळातच रद्दबातल आहे, असे त्या दाव्यात सरकारने शपथेवर सांगितले.

हा दावा आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांतले कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. १ नोव्हेंबरला एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. ८ नोव्हेंबरला फेरवाटाघाटींसाठी तज्ज्ञ गट नेमला गेला. १९ नोव्हेंबरला त्याने प्रस्ताव दिला. पाच-सहा दिवसांत करार केला म्हणून आधीच्या सरकारला दोष देणाऱ्यांनी दुरुस्तीला अकरा दिवस घेतले. ८ जानेवारी १९९६ ला मंत्रिमंडळाने प्रस्ताव स्वीकारला, २३ फेब्रुवारीला सुधारित करारावर सह्या झाल्या.

त्या करारात काय बदलले? दर १ रुपया ८६ पैसे झाला, असे जाहीर झाले. हा आकडा एका डॉलरला ३२ रुपये धरून काढलेला होता. भांडवली खर्च घटल्याचे सांगितले गेले. विद्युत मंडळाला कंपनीत भागभांडवल देऊ केले गेले, आणि पुढे ते १५ टक्के झाले, म्हणजे खरेदीदार विक्रेत्याचा भागीदार बनला. पण सगळ्यात मोठा बदल क्षमतेत होता. पहिला टप्पा ७४० मेगावॅट, दुसरा १,४४४; एकूण २,१८४. ऑगस्टमध्ये सोडून दिलेला दुसरा टप्पा फेब्रुवारीत बंधनकारक झाला. मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही, याचा निर्णय मंडळाच्या हातात होता. सुधारित करारात ती मोकळीक गेली. डॉलरचा धोका, इंधनाचा धोका, वीज न घेता पैसे भरण्याचे कलम, यांतले काहीही हलले नाही. जागतिक बँकेने १९९३ मध्ये ज्याला फार मोठे म्हटले होते, ते १९९६ मध्ये आणखी मोठे झाले.

मे १९९६ च्या अखेरीस अटलबिहारी वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार जाता जाता सुधारित प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी देऊन गेले. हे फक्त नोंदवून पुढे जातो, कारण उच्च न्यायालयातला कागद त्याहून महत्त्वाचा आहे. सिटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी सुधारित कराराविरुद्ध याचिका केली, आणि राज्य सरकारने स्वतःच्या दाव्यात केलेले आरोपच पुढे ठेवले. तोपर्यंत सरकारने दावा मागे घेतला होता. आता त्याने आपल्याच आरोपांना आधार नव्हता, अशी भूमिका घेतली. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. करार पूर्ण झालेला आहे, आता तो उघडता येणार नाही, अशी एकूण दिशा होती. पण त्याच निकालात स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होत आली तरी राजकीय सोय जनहितावर मात करते, या आशयाचे शब्द आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करून घेतले, तेही एकाच मर्यादित प्रश्नावर : राज्य सरकारचे वर्तन आणि त्याची जबाबदारी.

गुहागरच्या बाजूला या काळात काय चालले होते, त्याचे कागद वेगळ्या हातांनी लिहिलेले आहेत. जमीन गेलेले शेतकरी, आंबा-काजूवर जगणारी कुटुंबे आणि गरम पाण्याने खाडीतली मासळी जाईल या भीतीने धास्तावलेले वेलदूरचे कोळी मोर्चे काढत होते. मृणाल गोरे, मेधा पाटकर यांच्यासारखे लोक त्यांच्या सोबत आले. जमावबंदी, प्रतिबंधात्मक अटक आणि हद्दपारीच्या नोटिसा हे रोजचे झाले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जुलै १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये या सगळ्याची नोंद अहवालांत केली. तिथे तैनात केलेल्या पोलीस दलाच्या खर्चाचे पैसे कंपनी सरकारला भरत होती, हेही दुसऱ्या अहवालात आले. दोन्ही अहवालांत ३ जून १९९७ च्या पहाटेचे वर्णन आहे. पुरुष मासेमारीला गेलेले असताना पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले, दारे मोडली आणि बायकांना ओढून बाहेर काढून मारले. मार खाणाऱ्यांत तीन महिन्यांची गरोदर स्त्रीही होती. करारांच्या हजारो पानांत या गावाचा उल्लेख जागेच्या वर्णनापुरता येतो. त्या पहाटेची साक्ष नसती तर तिथे माणसे राहत होती हे या दप्तरातून कळलेच नसते.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये व्यापारी पद्धतीने सुरू झाला. नाफ्त्यावर. आता भाकिते संपून बिले येऊ लागली.

हिशेब सरळ आहे, म्हणून करून पाहू. ७४० मेगावॅटचे केंद्र तीस दिवस पूर्ण चालले तर सुमारे ५३ कोटी युनिट होतात. ९० टक्के धरले तर ४८ कोटी. पहिल्या टप्प्याचा क्षमतेचा आकार महिन्याला सुमारे ९५ कोटी रुपये होता. ४८ कोटी युनिट घेतले तर हा भार युनिटमागे दोन रुपयांच्या आसपास पडतो. पण मंडळाला स्वस्त वीज दुसरीकडे मिळत होती, आणि नव्याने स्थापन झालेल्या वीज नियामक आयोगाने २००० मध्ये आधी स्वस्त वीज घ्या, मग महाग, असा क्रम लावून दिला. दाभोळची खरेदी घटली. एक तृतीयांशच वीज घेतली तर तोच ९५ कोटींचा भार १८ कोटी युनिटांवर येतो, म्हणजे युनिटमागे पाच रुपयांहून जास्त. त्यावर नाफ्त्याचे पैसे वेगळे. नाफ्ता तेव्हा कडाडला होता आणि डॉलर ३२ वरून ४५ रुपयांच्या पुढे गेला होता. २००० च्या पावसाळ्यात दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्या वर गेली. १ रुपया ८६ पैशांची जाहिरात होऊन साडेचार वर्षे झाली होती. आणि दुसरा, दुप्पट मोठा टप्पा अजून यायचा होता.

नोव्हेंबर २००० चे बिल मंडळाने थकवले. ६ फेब्रुवारी २००१ रोजी कंपनीने सुमारे ७९ कोटी रुपयांसाठी केंद्र सरकारची प्रतिहमी वटवण्याची मागणी केली. एका राज्याच्या वीजबिलासाठी भारत सरकारच्या दारात वसुलीचा कागद आला. दरम्यान मंडळाने करार पुन्हा बारकाईने वाचला होता, या वेळी स्वतःच्या बाजूने. २८ जानेवारी २००१ ला मंडळाने दाभोळच्या वीजकेंद्राला पूर्ण क्षमतेने वीज देण्याची आज्ञा दिली. बंद केंद्राने तीन तासांत पूर्ण भार उचलायला हवा, असे कराराचे बंधन होते. ते जमले नाही. केंद्राची उपलब्धता खोटी सांगितली, असा दावा करून मंडळाने ४०१ कोटी रुपयांची आकारणी केली आणि थकलेले बिल त्यातून वळते करा म्हणून कळवले. कंपनीने ते फेटाळले. संपूर्ण काळात मंडळाने या कराराचा उपयोग स्वतःच्या बचावासाठी केला तो एवढाच. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी मिनिटे मोजत ठेवलेल्या नोंदींबद्दल मला आदर वाटतो.

त्याच फेब्रुवारीत विलासराव देशमुखांच्या सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दीपक पारेख, राजेंद्र पचौरी, ई. ए. एस. सरमा आणि किरीट पारीख तिचे सदस्य होते. किरीट पारीख १९९५ च्या फेरवाटाघाटींतही होते, हे लक्षात ठेवावे. एप्रिलमध्ये आलेला अहवाल या दप्तरातला सर्वांत प्रामाणिक सरकारी कागद आहे. एका पक्षावर किंवा एका सरकारवर ठपका ठेवून तो सुटत नाही. वेगवेगळ्या सरकारांनी, खात्यांनी आणि संस्थांनी आपापली तपासणीची जबाबदारी कशी सोडली, हे तो पायरी-पायरीने दाखवतो. मागणीचा अंदाज अवास्तव होता, एवढ्या विजेची गरज नव्हती, आणि मंडळ हा भार पेलू शकत नाही, हे त्याने लिहिले. दर पुन्हा ठरवावा आणि वायूची साठवण व पुनर्वायूकरणाची यंत्रणा वीजकेंद्रापासून वेगळी काढावी, असे मार्ग सुचवले. १९९३ च्या व्हर्गिन यांच्या पत्राशेजारी हा अहवाल ठेवला तर निदान तेच आहे. मध्ये आठ वर्षे आणि हजारो कोटी रुपये गेले.

एप्रिलमध्ये कंपनीने राजकीय अडथळ्याची नोटीस दिली, १९ मे ला करार संपवण्याची प्राथमिक नोटीस. मंडळाने करार रद्द केल्याचे कळवले आणि २९ मे २००१ ला वीज घेणे थांबवले. दुसऱ्या टप्प्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक काम झालेले होते. ते जूनमध्ये थांबले. २ डिसेंबर २००१ ला खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि मग दाभोळच्या बँकांपुढे बंद यंत्रे आणि गंजणारे नळ उरले.

पुढची चार वर्षे लवाद, दावे आणि कर्जदारांच्या बैठकांत गेली. २००५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला १४.५ कोटी आणि बेक्टेलला १६ कोटी डॉलर देऊन हा गुंता सोडवला गेला. ८ जुलै २००५ ला रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. एनटीपीसी, गेल, भारतीय बँका आणि राज्याची वीज कंपनी तिचे मालक झाले. खासगी भांडवल आणण्यासाठी सुरू झालेला प्रकल्प अशा रीतीने सार्वजनिक पैशाने विकत घ्यावा लागला.

तोपर्यंत महाराष्ट्रात विजेची खरोखरच टंचाई आली होती. २००५ नंतरच्या त्या उन्हाळ्यांत गावोगाव बारा-बारा तास भारनियमन होते, आणि गुहागरच्या किनाऱ्यावर दोन हजार मेगावॅटचे केंद्र उभे होते. अनेकांनी तेव्हा म्हटले, की बघा, एन्रॉन हवेच होते. हा युक्तिवाद मला पटत नाही. २००१ च्या दराने आणि त्या कराराने ती वीज घेतली असती तर नवे काही बांधायला मंडळाकडे पैसाच उरला नसता. चूक वीजकेंद्र उभारण्याची नव्हती, कराराची आणि आकाराची होती. आणि दाभोळच्या धक्क्यानंतर राज्याने दुसरी कोणतीही क्षमता वेळेत उभारली नाही, ही तिच्यामागोमाग झालेली दुसरी चूक होती.

केंद्र २००६ मध्ये पुन्हा सुरू झाले, आधी नाफ्त्यावर, मग गुजरातमधून पनवेलमार्गे आलेल्या नळाच्या वायूवर. यंत्रे वारंवार बिघडत. क्षमता १,९६७ मेगावॅट धरली गेली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळू लागल्यावर काही काळ केंद्र चांगले चालले. मग त्या खोऱ्याचे उत्पादन कोसळले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये दाभोळ पुन्हा बंद पडले. त्याच वर्षी तिथली आयात वायूची जेट्टी सुरू झाली होती. पण लाटा अडवणारा बांध पूर्ण नव्हता, म्हणून पावसाळ्यात तिथे जहाज लागू शकत नव्हते. अंजनवेलच्या कोणत्याही खलाशाने जूनचा समुद्र कसा असतो ते सांगितले असते. नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेसाठी पाचशे मेगावॅटच्या आसपास वीज तयार होऊ लागली. गोडबोले समितीने सुचवलेली वाटणी, वायूची यंत्रणा एका कंपनीकडे आणि वीजकेंद्र दुसऱ्याकडे, ही प्रत्यक्षात यायला सतरा वर्षे लागली. कोकण एलएनजी ही वेगळी कंपनी त्यातून झाली. २०२० च्या अखेरीस वीजकेंद्र एनटीपीसीच्या ताब्यात गेले. रेल्वेबरोबरचा करार मार्च २०२२ ला संपला.

जबाबदारीचा धागा तेवढा राहिला. राज्याने न्या. एस. पी. कुर्डुकर यांचा चौकशी आयोग नेमला होता, त्याचे काम तडीस गेले नाही. सर्वोच्च न्यायालयात १९९७ पासून पडून असलेला राज्य सरकारच्या वर्तनाचा प्रश्न एप्रिल २०१९ मध्ये निकाली निघाला. इतक्या वर्षांनी आता त्यात जाण्यात अर्थ नाही, म्हणून न्यायालयाने प्रकरण बंद केले. तोवर ज्यांच्या सह्या आणि निवेदने या कागदांवर आहेत त्यांतले अनेकजण हयात नव्हते.

सप्टेंबर १९९५ चा तो दावा अभिलेखात आहे. हा करार फसवणुकीने झाला, असे महाराष्ट्र सरकारने त्यात शपथेवर म्हटले आहे. त्याच अभिलेखात त्याच सरकारचे, या आरोपांना आधार नव्हता असे सांगणारे प्रतिज्ञापत्रही आहे. दोन्हींत किमान एक विधान खोटे आहे. ते कोणते, हे ठरवणारा कागद कुणीच लिहिला नाही.